माझ्या वाट्याचं प्रायश्चित्त

सिस्टर बेनेडिक्टांनी टेबलावर पांढरा रुमाल अंथरला, त्याच्या इस्त्रीच्या घड्या बोटांनी सपाट केल्या आणि त्यावर गाण्यांचं एक निळं पुस्तक उघडं ठेवलं, तेव्हा मी हसत होते. मागून मनस्विनी कुजबुजली होती, "सिस्टरनी आज पूजा मांडली काय गो?" आणि मला हसू दाबता येत नाही हा माझा जुना आजार. सोमवारची सकाळ, प्रार्थना नुकतीच संपलेली, गायनाच्या आम्ही सोळा मुली तेवढ्या हॉलमध्ये थांबवलेल्या. वाटलं, कालच्या गाण्याचं कौतुक असणार. मग सिस्टर म्हणाल्या, "हे कोणी केलं?" आणि मी पुस्तकाकडे नीट पाहिलं. दोन पानांच्या मधल्या खाचेत एक गोल, पांढरी, पातळ पापडी होती. एका कडेला चुरा झालेला. हसू लगेच गेलं नाही. ते तोंडावर तसंच राहिलं, पाहुणे गेल्यावर दाराशी विसरलेल्या चपलांसारखं. ती पापडी मी ठेवली होती. आदल्या दिवशी, साडेदहाच्या सुमाराला, अगदी आनंदाने.

तो आनंद आधी सांगायला हवा, नाहीतर मी कुणीतरी घुमी, चोरटी मुलगी वाटेन, आणि मी तशी नव्हतेच. नव्याण्णव साली मी दहावीत होते, आणि जूनपासून काय झालं होतं कोण जाणे, मला सगळं यायला लागलं होतं. नववीपर्यंत तोंड उघडलं की मान लाल व्हायची. आता व्यासपीठावर उभी राहिले की हातच आपोआप हलायचे. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले, जिल्ह्याची फेरी डिसेंबरात सावर्ड्याला होती, शाळेत शिपाईमामासुद्धा "काय वक्त्या!" म्हणून हाक मारायचे. अंग सारखं पुढे पुढे धावत असायचं. मांडवीच्या बंदरावरून चालताना वाटायचं, आपण हात लांब केला तर समोरचा किल्ला हाताला लागेल. अशा दिवसांत शाळेच्या सणाची मिस्सा, म्हणजे त्यांची चर्चची पूजा, आली. आमची शाळा कॉन्व्हेंट, पण कॅथलिक मुली अख्ख्या शाळेत अकरा. बाकी आम्ही सगळ्या घरी गणपती आणणाऱ्या. मिस्सेला आम्ही मागच्या बाकांवर बसायचं आणि खोकायचं नाही, एवढाच नियम. पण त्या वर्षी माझा आवाज लागला म्हणून सिस्टरनी मला गाण्यात घेतलं आणि मी वेदीजवळ, पुढच्या बाकावर, सेसिलियाच्या शेजारी बसले. पुस्तक एकच, तिचं. आत तिच्या पप्पांनी बोटीवरून सुट्टीला आल्यावर वळणदार अक्षरात लिहिलेलं नाव: सेसिलिया लोबो. गाणं संपलं आणि माझ्या बाकावरच्या सगळ्या उठून रांगेत लागल्या. मीही उठले. देवापुढे रांग लागली की आपण उठतोच, त्यात विचार करण्यासारखं काय असतं? बाहेरगावाहून आलेले म्हातारे पाहुणे फादर होते, चेहरे ओळखत नव्हते. माझ्या पुढच्या मुलींनी जीभ पुढे केली. मी उजवा हात पुढे केला, त्याखाली डावा, तीर्थ घेताना करतो तसा. ते क्षणभर घुटमळले आणि त्यांनी ती माझ्या तळव्यावर ठेवली.

आमच्या घरी देवळातून आलेला प्रसाद एकट्याने तिथेच गट्ट करायचा नसतो. घरी न्यायचा, आईने तो देवाजवळ टेकवायचा आणि मग कण कण सगळ्यांना. बाबा कचेरीतून उशिरा आले तरी त्यांच्या वाटणीचा कण वाटीखाली झाकलेला. लहानपणापासून मी कुठलाच प्रसाद परस्पर तोंडात टाकलेला नाही. शिवाय लगेच पुढचं गाणं होतं आणि भरल्या तोंडाने गाणार कसं? म्हणून मी ती पापडी पुस्तकात ठेवली, जपून, चुरा होऊ नये म्हणून मधल्या पानात. आईला सांगायचं होतं, बघ, तुमच्या कुणाच्या नशिबी नाही तो प्रसाद मी आणला. मग मिस्सा संपली, फोटोसाठी कुणीतरी मला हाताला धरून ओढून नेलं, पाहुण्यांनी "यू सिंग व्हेरी वेल" म्हटलं, आणि मी विसरले, पुस्तक बाकावरच राहिलं. घरी जेवताना तिसऱ्या घासाला आठवलं होतं, "अरेच्चा, प्रसाद राहिला," आणि मी चौथा घास घेतला.

"मी, सिस्टर," सेसिलिया म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं नाही, तिचा कान पाहिला. तिचा उजवा कान माझ्याकडे होता, त्यातली इवलीशी सोन्याची बाळी आणि तिच्यामागे पसरत जाणारी लाली. म्हणण्याआधी तिने माझ्याकडे एकदा पाहिलं होतं. किती वेळ? एक, दोन आकडे मोजावेत इतका. तेवढ्या वेळात मला बोलता आलं असतं. मला तर दोन मिनिटं आधी विषय दिला तरी सात मिनिटं बोलता यायचं. सिस्टरांचा चेहरा असा झाला होता की कुणीतरी मेलं असावं, आणि त्यावरूनच मला कळलं की ही पापडी पापडी नाही. तेव्हा मनात पहिलं काय आलं ते मी लिहिणार आहे, कारण ते लपवलं तर बाकी लिहिण्यात अर्थ नाही. मनात आलं: सावर्डे. सिस्टर आता मला सावर्ड्याला पाठवणार नाहीत. बस. एवढंच. सेसिलियाचं काय होईल ते मनात नंतर आलं, आणि तेही रांगेत उभं राहून, आपला नंबर लागेल तेव्हा. "तू?" सिस्टर म्हणाल्या. त्यांनी सेसिलियाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे, आणि रुमालाची चार टोकं उचलून पुस्तक झाकलं. "बाकीच्यांनी वर्गात जा." मी बाकीच्यांत होते. मी गेले.

पापांत लहानमोठं असतं हे मला सेसिलियानेच शिकवलं होतं. शाळेत त्या अकराजणींना धर्मशिक्षणाचा तास असायचा, तिच्या घरी त्याला दोत्रीन म्हणत. त्या वेळी आम्हाला मूल्यशिक्षण, म्हणजे फळ्यावरचा सुविचार उतरवून घेणं. साहजिकच मला त्यांचा तास जास्त रंगतदार वाटायचा. ऑगस्टमधल्या एका उघडिपीच्या दुपारी बंदराच्या कठड्यावर बसून मी तिच्याकडून सगळं वदवून घेतलं होतं. ती म्हणाली, "दोन तऱ्हेची असतात गो. एक हलकं, एक मारक. हलक्याने आत्मा मळतो, मारकाने मरतो."

"मेला की संपलं?"

"नाही, उठतो. कुमसार केला तर. म्हणजे फादरना जाऊन सांगितलं तर."

"मग फरक काय राहिला?"

"तू ना, माझ्यावर वक्तृत्व नको करू."

मग तिने बोटांवर मोजून दाखवलं. गोष्ट मोठी पाहिजे. ती मोठी आहे हे ठाऊक पाहिजे. आणि ठाऊक असून आपखुशीने केली पाहिजे. तिन्ही जमलं तरच मारक, एक जरी कमी पडलं तरी हलकं. मला ते इतकं आवडलं! आमच्याकडे पाप म्हटलं की एकच भलामोठा अंधार. पाल मारली तरी तोच, माणूस मारला तरी तोच. इथे कसं, उत्तरपत्रिकेसारखं. आम्ही तासभर तोच खेळ खेळलो. घटक चाचणीत बघून लिहिणं? हलकं. गणिताच्या बाईंना मनात शिव्या? हलकं, पण रोजच्या रोज असतील तर विचारावं लागेल. भावाचा डबा खाऊन मांजरावर ढकलणं? "मांजराला आत्मा नसतो, त्यामुळे त्याची बदनामी होत नाही," सेसिलिया गंभीरपणे म्हणाली आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की जाळी विणत बसलेले एक आजोबा म्हणाले, "पडाल पोरींनो पाण्यात." मी म्हटलं होतं, "मला बाई मारक पाप जमायचंच नाही. तीन तीन गोष्टी जुळवायच्या म्हणजे केवढी मेहनत!"

जमलं. मेहनतही पडली नाही.

त्या आठवड्यात सेसिलियाला काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी बिशप येणार होते आणि तिचं कन्फर्मेशन होतं, म्हणजे धर्मात पक्कं करून घेण्याचा संस्कार. दोन वर्षांची तयारी, पांढरा झगा शिवून झालेला, पप्पा त्यासाठी बोटीवरून सुट्टी घेऊन येणार. इथल्या चर्चच्या फादर मोन्तेरोंनी तिच्या मम्मीला बोलावून सांगितलं, या वर्षी थांबू. तिची मम्मी दर शनिवारी वेदीवरची वस्त्रं घरी नेऊन धुवायची, खळ करून इस्त्री करून आणायची. तिने आपणहून तेही सोडलं. सेसिलियाने मला यातलं काही सांगितलं नाही. मधल्या सुट्टीत आम्ही एकाच बाकावर डबा खात होतो आणि ती मला तिची सुकट देत होती, आणि मी ती खात होते. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "तू का सांगितलंस तुझं नाव?" ती म्हणाली, "तू रांगेत आलीस तेव्हा मी बघितलं. थांबवायला पाहिजे होतं. पण मला इतकं बरं वाटलं, तू माझ्या मागे उभी आहेस म्हणून. तुला ठाऊक नव्हतं, मला होतं. म्हणजे ते माझंच ना?" मी म्हटलं, "हो ना." हो ना! असं दोन शब्दांत मी तिच्या पदरात टाकलं आणि सुकट चिवडत बसले.

रात्री झोप नाही, भूक नाही, असं काही मला झालं नाही. ते झालं असतं तर बरं. मी जेवायचे, झोपायचे, आरशासमोर भाषण म्हणायचे. विषय होता 'माझ्या स्वप्नातील एकविसावे शतक'. फक्त भाषणात 'निर्भय' हा शब्द आला की जीभ अडखळायची, म्हणून मी तो काढून 'समर्थ' घातला. एकदा आईला सांगायचा प्रयत्न केला. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून म्हणाली, "बाई गो, एवढ्याशा पापडीवरून? अगो, देवाला काय कळत नाही, पोर प्रसाद घरी आणत होती म्हणून? उलट चांगलंच केलंस हो." मी म्हटलं, "आई, ते नाही, सेसिलियाने नाव..." "ती शहाणी आहे पोर. त्यांचं त्यांचं निस्तरतील. तू त्यांच्यात पडू नको, आधीच दिवस कसले आहेत." आणि तिने ताटातला एक खडा उचलून बाजूला टाकला. आईजवळ माझ्या त्या गोष्टीला जागाच नव्हती. मी जे द्यायला गेले होते त्यातलं नको ते तिने घेतलं, कुरवाळलं, आणि जे खरं होतं ते तसंच माझ्या हातात राहिलं.

म्हणून मी फादर मोन्तेरोंकडे गेले. शुक्रवारी संध्याकाळी ते कुमसार ऐकतात हे मला माहीत होतं. सेसिलिया एकदा सांगत होती की त्या लाकडी पेटीत गुडघे टेकले की समोर जाळी असते आणि पलीकडे कान. मला तो कान हवा होता. आत वार्निशचा आणि ओल्या लाकडाचा वास होता. मी पाठ केल्यासारखं भडाभडा सगळं बोलले, उगाच एकदोन अलंकारही घातले असतील.  मग ते म्हणाले, "बाळ, तू लोबोंच्या मुलीची मैत्रीण, हिंदू, होय ना?" "हो फादर." "मग मला तुला क्षमेचा संस्कार देता येत नाही. ऐकता येतं." मी म्हटलं, "फादर, निदान सांगा तरी, यातलं मोठं पाप कुठलं? प्रसाद नेला ते की गप्प बसले ते?" जाळीपलीकडे ते हलले, लाकूड करकरलं. "ती पापडी, ओस्ती, म्हणजे आम्हाला प्रत्यक्ष ख्रिस्त. त्याहून मोठी वस्तू आमच्याकडे नाही. पण तुला ठाऊक नव्हतं. म्हणून ते पाप नाहीच. हलकंही नाही." मला एकदम इतकं हलकं वाटलं की मी जवळजवळ उठलेच. "आणि दुसरं?" "दुसऱ्यात वस्तू केवढी आहे? एक मुलगी. तुला ठाऊक आहे? आहे. कुणी जबरदस्ती करतंय?" "नाही." "मग मला कशाला विचारतेस?"

मी म्हटलं, "फादर, तुम्हीच सांगाल का सिस्टरना? माझ्याने होत नाही." तेव्हा ते जे म्हणाले ते मला अजून त्या वार्निशच्या वासासकट आठवतं. "तू अंगणात भेटून सांगितलं असतंस, तर मी आत्ता चालत जाऊन सांगितलं असतं. पण तू इथे सांगितलंस. या जाळीत जे पडतं ते मी बाहेर नेत नाही. संस्कार झाला नाही, तरी तू विश्वासाने गुडघे टेकलेस. रविवारी बिशप येतील, ती मुलगी मागच्या बाकावर बसेल, मला सगळं ठाऊक असेल आणि मला बोट हलवता येणार नाही. कळतंय का बाळ? आता फक्त तूच राहिलीस." म्हणजे ज्या एका माणसाचं तोंड उघडलं असतं तर सगळं निभावलं असतं, ते मी स्वतःच्या हाताने बंद करून आले होते, मोकळं वाटावं म्हणून. "उद्या सांगते," मी म्हटलं. "सांग," ते म्हणाले.

उद्या शनिवार. शनिवारी सावर्डे.

एसटीत खिडकीशी बसून मी जांभ्या दगडाच्या खाणी बघत होते, चौकोनी चौकोनी कापलेल्या, तळाशी लालसर पाणी साचलेल्या. सिस्टर शेजारी होत्या. त्यांनी बरोबर आणलेलं आवळ्याचं सरबत मला दिलं, घशाला बरं म्हणून. त्या आणि मी, दोघीच, दोन तास. याहून चांगली वेळ कुठली असते? संगमेश्वर गेलं, आरवली गेली. मी मनात म्हणत होते, परत येताना. परत येताना माझ्या मांडीवर जिल्ह्याची ढाल होती आणि सिस्टर डुलक्या घेत होत्या, त्यांना कुठे उठवायचं? रविवारी बिशप आले. मी चर्चच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले. सेसिलियाचे पप्पा कडक इस्त्रीच्या शर्टात आत गेले. इतक्या लांबून आलेच होते. सेसिलिया शाळेच्या गणवेशात होती.

सोमवारी मी सिस्टरना सांगितलं. चौदा दिवस झाले होते, ढाल कपाटात लागली होती, आता माझं काही जाणार नव्हतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. सिस्टरनी वहीतून मान वर केली नाही. "मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "सेसिलिया जिभेवर घेते, हातात नाही. पाहुण्या फादरनी मला मिस्सेनंतरच सांगितलं होतं, एका मुलीने हात पुढे केला म्हणून. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, अक्षया."

"मग तुम्ही..."

"मग काय? तुझं नाव घेऊ? गेलं वर्षभर पेपरात चर्चबद्दल, धर्मांतराबद्दल काय काय येतंय, वाचतेस ना? कॉन्व्हेंटमध्ये हिंदू मुलीला रांगेत उभं केलं, मग शिक्षा केली. दुसऱ्या दिवशी गेटवर किती माणसं असती? तीनशे मुली आहेत माझ्या." त्यांनी पेनाला टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "सेसिलिया आमची आहे. आमच्या मुलीला आम्ही सांगू शकतो, थांब म्हणून. ती थांबेल." मग पहिल्यांदाच त्यांनी वर पाहिलं, आणि मला दिसलं की त्यांचे डोळे माझ्यासारखेच आहेत, म्हणजे गेले चौदा दिवस आरशात दिसत होते तसे. "तू तुझं सांगितलंस. माझं मी कुणाला सांगते ते मला विचारू नको. जा वर्गात." तिथेही माझं कुणी घेतलं नाही. आईला ते दिसलं नाही, फादरना उचलता आलं नाही, आणि सिस्टरांकडे आधीच त्यांचं स्वतःचं होतं.

राहिली सेसिलिया. त्याच दुपारी, शाळेच्या मागच्या कठड्यावर, मी तिला सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकत डबा खात होती. "मी पण कुमसार केला," ती म्हणाली. "फादर म्हणाले, ओस्तीचं तुझं पाप नव्हे. रांगेत तिला थांबवलं नाहीस, ते हलकं. पण सिस्टरना 'मी' म्हणालीस ते खोटं. त्याला प्रायश्चित्त दहा नमो मारिया, दहा प्रार्थना. म्हटल्या. घरी जाता जाता संपल्या." ती हसली. "तुला किती दिल्या?"

"मला कुणी दिल्याच नाहीत."

"म्हणजे?"

"मी तुमच्यातली नाही ना."

"आणि सांगितलंस कधी? आज? काल बिशप आले, आणि तू आज सांगितलंस?" तिचा हात डब्यात थांबला. ती कधी ओरडत नसे, तेव्हाही ओरडली नाही. कान तेवढे लाल झाले. "मग मी देते तुला. बोलू नको माझ्याशी. दहावी संपेपर्यंत बोलूच नको." आणि डब्याचं झाकण लावून ती आत गेली.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. शेवटी कुणीतरी काहीतरी दिलं होतं, मोजून, मुदत घालून. मी ते इतकं मनापासून पाळलं! दुसऱ्या दिवशी बाकच बदलला, चुकून बोलायला नको म्हणून. ती समोरून आली की मी वळायचे. जिभेच्या टोकाशी आलेलं गिळायचे आणि गिळताना वाटायचं, एक कमी झालं. डिसेंबर, जानेवारी, नवं शतक, निरोप समारंभ. निरोपाच्या भाषणात सगळे रडले आणि मी तिच्याकडे न बघता बोलले. तिने एकदा माझ्या दप्तराजवळ बोरांची पुडी ठेवली होती. मी ती मनस्विनीला दिली. नियम म्हणजे नियम.

मार्चमध्ये भूगोलाचा शेवटचा पेपर संपला. केंद्राच्या गेटवर पालकांची गर्दी, उन्हात तापलेल्या स्कूटर, कुणीतरी शाई उडवत होतं. मी सर्वांत आधी बाहेर येऊन उभी राहिले. चार महिने जपलेलं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. सेसिलिया आली, मला बघून थबकली, आणि म्हणाली, "काय गो, नकाशा कसा गेला?"

"सेसू, मला माफ कर."

"कशाबद्दल?"

"संपली दहावी. मी एक शब्द बोलले नाही तुझ्याशी. तू सांगितलं होतंस तसं."

 तिला आठवायला वेळ लागला, तो मी डोळ्यांनी पाहिला. "अगो," ती म्हणाली, "ते म्हणून? मी रागात म्हटलं गो ते. मला वाटलं दुसऱ्या दिवशी येशील. चार दिवस डबाच उघडला नाही मी, तू येशील म्हणून. तू बाक बदललास. मग मी म्हटलं, ठीक आहे, ढाल मिळाली, मोठी झाली ती." तिने पॅड दुसऱ्या हातात घेतलं. "बोरं पण दिलीस ना टाकून?"

"मग ते... हॉलमधलं?"

"ते मी तिथेच माफ केलं होतं, बोलायच्या आधी. नाहीतर बोलले असते कशाला? हे दुसरं..." तिने खांदे वर केले. तिच्या मम्मीने रिक्षातून हाक मारली. मागे दोन ट्रंका बांधलेल्या होत्या. त्याच दुपारच्या गाडीने ते कायमचे वेंगुर्ल्याला चालले होते, आणि वर्गात हे माझ्याखेरीज सगळ्यांना माहीत होतं. "हे दुसरं हलकं की मारक ते मला सांगता येत नाही. दोत्रीनीत नाहीच ते," ती म्हणाली. आणि पळत गेली.

रिक्षा वळली तेव्हा तिने मागे पाहिलं की नाही, मला ठाऊक नाही. मी खाली बघत होते. पुरवण्या बांधायला दिलेला पांढरा दोरा उरला होता, तो मी बोटाला गुंडाळला होता, वेढ्यावर वेढा. बोटाचं टोक आधी लाल झालं, मग निळसर. आजूबाजूला सगळे ओरडत होते, सुटलो, सुटलो. मी आणखी एक वेढा दिला.